पॅच ईमेलने की पुल रिक्वेस्टने?

मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला पॅच, म्हणजे कोडमधला आपला बदल, देण्याची पद्धत कोणती, हे आधी त्याच्या 'कॉन्ट्रिब्यूटिंग' फाइलमध्ये पाहावे. गिटहब किंवा गिटलॅब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळांवर फोर्क (प्रकल्पाची स्वतःची प्रत) करून, वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र शाखेवर) कमिट (बदलाची नोंद) पुश करून, म्हणजे तेथे चढवून, पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, उघडली की काम भागते.

लिनक्स कर्नलला (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याला) मात्र पॅच ईमेलनेच द्यावा लागतो. त्यासाठी गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'गिट कमिट' करताना लहान अक्षरातील '-एस' (-s) पर्यायाने 'साइन्ड-ऑफ-बाय' ही सहीची ओळ जोडावी, 'गिट फॉरमॅट-पॅच'ने फाइल तयार करावी आणि 'गिट सेंड-ईमेल'ने ती पाठवावी; नेहमीच्या मेल प्रोग्रॅममध्ये पॅच चिकटवू नये, कारण तेथे टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी तुटतात आणि पॅच कोडला लागूच होत नाही. सुधारित पॅच '-व्ही२' पर्यायाने बनवावा आणि काय बदलले ते पॅच फाइलमधल्या तीन आडव्या रेघांखाली (---) लिहावे, म्हणजे तो मजकूर कमिटच्या इतिहासात जात नाही.