जुन्या गाडीला रुंद पांढऱ्या पट्ट्याचे टायर: घरच्या घरी कसे करावेत

अँबॅसिडर, लँडमास्टर किंवा फियाट ११०० च्या टायरवर अडीच-तीन इंचांचा पांढरा पट्टा ओढणं हे दोन दिवसांचं काम. तो पट्टा पुढचा पावसाळा संपेपर्यंत पांढरा राहावा, यासाठी मात्र रंगाला हात लावण्याआधीच निम्मी मेहनत करावी लागते. कारण टायर काही भिंत नव्हे. प्रत्येक फेऱ्यात जमिनीला टेकणाऱ्या जागी त्याची बाजू फुगते आणि पुन्हा सरळ होते. शिवाय ऊन आणि ओझोनमुळे रबर तडकू नये म्हणून त्यात मिसळलेली रसायनं, मेण आणि तेल हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरवर दिसणारी तपकिरी झाक हीच. पांढऱ्या रंगाखालून ती वर आली की पट्टा चहाच्या रंगाचा होतो.

कारखान्यातल्या व्हाइटवॉलमध्ये, म्हणजे पांढऱ्या पट्ट्याच्या तयार टायरमध्ये, रंग नसतोच. डाग न सोडणाऱ्या पांढऱ्या रबराचा थर टायरसोबतच भाजला जातो, त्यावर पातळ काळी साल असते आणि ती शेवटी घासून काढतात. म्हणून 'ग्राइंडर फिरवला की आतून पांढरं निघतं' हे ऐकून साधा काळा टायर घासत बसू नका. त्यात पांढरा थर नसतो. आत असतात ते धागे, आणि ते दिसले की टायर गेला.

रिंग की रंग?

बुलेटला लावतात तशा पांढऱ्या रबरी रिंगा कारसाठीही मिळतात. हवा काढून, टायर रिमपासून सोडवून, रिंगची आतली कड रिम आणि टायर यांच्यामध्ये बसवायची आणि हवा भरायची. अर्ध्या तासात काम होतं. पण बाहेरची कड मोकळी असते. वेगात ती फडफडते, मध्ये धूळ-खडी शिरते आणि रिंग टायरलाच कानशीसारखी घासत राहते. रेडियल टायरची (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाणारा, आजचा नेहमीचा टायर) बाजू जास्त फुगत असल्याने तिथे हा त्रास अधिक. लग्नाच्या वरातीला किंवा नागपुरातल्या सिव्हिल लाइन्समधल्या रॅलीला रिंग चालेल. समृद्धी महामार्गावर जायचं असेल तर काढून ठेवा.

नेहमी फिरणाऱ्या गाडीला रंगच बरा, पण तो रबरासारखा ताणला जाणारा हवा. हायपालॉन जातीच्या कृत्रिम रबरावर आधारलेला, टायरसाठीच बनवलेला पांढरा कोटिंग रंग मागा. ऑइल पेंट पहिल्याच आठवड्यात तडकतो. रोड मार्किंगच्या क्लोरिनेटेड रबर पेंटच्या नावात रबर आहे, पण सुकल्यावर तो ठिसूळ होतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा रंग ताणला जातो खरा, पण रबराला नीट धरत नाही आणि धूळ ओढून घेतो.

टायर आणि सामान

आधी टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. टायर सहा-सात वर्षांपुढचा असेल, बाजूला बारीक भेगा असतील, तर त्यावर मेहनत घालू नका. भेगांवरचा रंग त्याच रेषांवर फुटतो.

अँबॅसिडरच्या ५.९०-१५ टायरवर रिमच्या कडेपासून ७० मिमी रुंद पट्टा धरला, तर एका टायरचं क्षेत्रफळ साधारण ०.११ चौरस मीटर येतं. स्टेपनी धरून पाच टायर आणि चार हात म्हणजे सव्वादोन चौरस मीटरच्या आत. अर्धा लिटर रंग जेमतेम पुरतो. एक लिटर आणा, उरलेला दुरुस्तीला लागतोच. बाकी सामान इतवारीत लोहाओळीला एका फेरीत मिळेल: ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, ताठ नायलॉन ब्रश, एक लिटर टोल्यूइन (तेलकटपणा काढणारं, पटकन उडणारं थिनर), अर्ध्या इंचाचा मऊ ब्रश, दोन इंचांचा फोम रोलर, पीव्हीसी इन्सुलेशन टेप, हातमोजे आणि सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क. कापडी मास्क टोल्यूइनची वाफ अडवत नाही.

धुणं आणि घासणं

खरा शत्रू म्हणजे टायर चमकवायचं पॉलिश. त्यातल्या सिलिकॉनवर कुठलाच रंग टिकत नाही. कपड्यांची पावडर आणि ब्रशने तीन वेळा धुवा, मग साधं पाणी ओता. पाणी थेंबाथेंबानं उभं राहिलं तर सिलिकॉन बाकी आहे, पुन्हा धुवा. पाणी सपाट पसरलं की पुढे जा. नव्या टायरवरही साच्याचं तेल असतं, त्यामुळे त्याला सूट नाही.

टायर सुकल्यावर ८० नंबरने पट्ट्याची पूर्ण जागा हातानेच, गोलाकार घासा. काळी चमक जाऊन राखाडी, मखमली पोत दिसला पाहिजे. मग १२० ने एक हात. ड्रिलवर डिस्क लावायचीच असेल तर वेग अगदी कमी ठेवा. गरम झालेलं रबर चकचकीत, चिकट होतं आणि त्यावरून रंग सालीसारखा निघतो. पट्ट्यात येणारी उठावाची अक्षरं आजूबाजूच्या पातळीपर्यंत उतरवता येतात, त्याखाली एक केसही नाही. साइज, भार आणि तारखेचा शिक्का मात्र घासू नका, रंगाखाली उठून दिसला तरी चालेल. क्रॉसप्लाय टायर (तिरके, एकमेकांना छेदणारे धागे असलेला जुन्या पद्धतीचा टायर) उलटा बसवून ज्या बाजूला अक्षरं कमी ती बाहेर घेता येते. बाजूवर 'बाहेरची बाजू' किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तसं करू नका.

आखणी

पुढचं चाक गाडीवरच ठेवा. मागच्या चाकांना हँडब्रेक आणि विटा, पुढे जॅकने उचलून गाडीखाली घोडी (आधाराचा स्टँड). नुसत्या जॅकवर काम नको. अँबॅसिडर-फियाटची पुढची चाकं मोकळी फिरतात, म्हणून टायर एकेक करून पुढे आणून रंगवा. काम सुरू करण्याआधी हवा ३५ पीएसआय करा. बाजू ताणलेली असताना बसलेला रंग नंतर हवा नेहमीइतकी केल्यावर किंचित सैल राहतो आणि तडकायला वेळ लागतो.

बहुतेक टायरच्या बाजूवर साच्यातून आलेली बारीक गोल रेघ असते. पट्टा शक्यतो तिथेच संपवा. अशी कड कुणी कंपासने आखली तरी इतकी साफ येणार नाही. रेघ सोयीची नसेल तर विटांच्या थप्पीवर पांढरी पेन्सिल घट्ट टेकवून धरा आणि चाक हळू फिरवा. हात हलवायचा नाही, चाक हलवायचं. क्रॉसप्लायवर ७० ते ७५ मिमी शोभतं. रेडियलवर ५५-६० मिमीला थांबा, कारण वरचा भाग जास्त वाकतो आणि भेगा तिथूनच सुरू होतात. १९७४ नंतरच्या पद्मिनीला तर इंचभर पट्टाच खुलतो. अमेरिकेतही १९६२ पासून रुंद पट्टे मागे पडले होते.

रंग

टोल्यूइनमध्ये ओलसर केलेल्या कापडाने पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा, अर्धा तास थांबा. पेट्रोल वापरू नका. ते रबर फुगवतं आणि मागे तेलकट थर सोडतं. जागा उघड्यावरची, पण सावलीतली हवी. जवळ विडी-सिगारेट किंवा शेगडी नको.

पहिला हात डब्यावर सांगितलेल्या थिनरने दहा टक्के पातळ करा आणि घासलेल्या खाचांत रगडून बसवा. तो राखाडी दिसेल, पांढरा करायच्या मोहात जाड लावू नका. पुढचे तीन हात रोलरने, पातळ, प्रत्येकामध्ये तासभर. जाड हात वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पहिल्या फेरीतच सुरकुततो. कडेला इन्सुलेशन टेप लावा, ती ताणून वळते. कागदी मास्किंग टेप वळणावर चुण्या पाडते. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप काढा, नाहीतर कड उचकटते.

नागपुरात हे काम डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दहानंतर करा. मे महिन्यात रंग ब्रशवरच सुकतो, तारा ओढतो आणि त्यात बारीक फुगे येतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगावर पांढुरकी धुक्यासारखी झाक बसते आणि पकड कच्ची राहते.

चोवीस तास चाक टेकवू नका, आठवडाभर धुवू नका. मग हवा गाडीच्या पुस्तकात दिली आहे तितकी करा आणि दर पंधरा दिवसांनी तपासा. कमी हवेवर चालवलेल्या टायरचा पट्टा हमखास तडकतो.

नंतर काय बिघडतं

रिमच्या कडेला पापुद्रा सुटला, तर तिथे घासणं राहिलं होतं. वरच्या कडेला केसाएवढ्या भेगा पडल्या, तर रंग जाड होता किंवा हवा कमी होती. सगळीकडे सारखा पिवळेपणा आला, तर ते आतून आलेलं आहे, घासून जाणार नाही. वर्षातून एकदा १२० ने हलकं घासून, टोल्यूइनने पुसून एक हात द्या, पट्टा पुन्हा उजळतो.

सिमेंट रस्त्यांचा कर्ब मात्र एका घासणीत काळी जखम करतो, तेव्हा पार्किंग करताना हातभर अंतर ठेवा. पावसाळ्यात वर्धा रोडच्या आतल्या गावांकडून आलात तर चाकावरची काळी माती ओली असतानाच साबण आणि नायलॉन ब्रशने धुवा. वाळली की ती रंगात भिनते. रॉकेल लावू नका, आणि काळ्या भागाला चमक हवी म्हणून पॉलिशची बाटलीही उघडू नका.