एअर रायफल स्पर्धा भरवताय? आधी कार्डांवर नंबर टाका

थ्री नॉट थ्रीवर स्पर्धा घेता येईल का, असं कुणीतरी माजी सैनिक विचारतोच. नाही येत. तो बोर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, सामान्य माणसाला बंद आहे, आणि लष्कराच्या जुन्या रायफली आपल्याकडे बाजारात येत नाहीत. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या एम-वन गॅरंडवर २०० यार्डांच्या स्पर्धा होतात. रायफल लष्कराने दिली तशीच, दुर्बीण न लावता. आपण त्यातला नियम तेवढा उचलायचा. साधी स्प्रिंगची एअर रायफल, कंपनीतून आली तशीच, ओपन साइट, म्हणजे नेम धरायला नुसती खाच आणि माशी. बारीक भोकातून बघायची पीप साइट नाही, कातडी जॅकेट नाही. लाखाची रायफल घेऊन कुणी आला तर त्याला मानाने पहिल्या रांगेत बसवा, खेळवू नका. नाहीतर जिंतूर-सेलूकडची साध्या रायफलवाली पोरं पुढच्या वर्षी येणारच नाहीत.

४.५ मिमी बोरच्या, २० जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच!

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते, म्हणून सगळे तीच तारीख धरतात. धरा, पण सकाळी एनसीसीची पोरं-पोरी झेंडावंदनाला असतात. अकराच्या आत पहिली डिटेल, म्हणजे एका वेळी नेम धरणाऱ्यांची तुकडी, लावू नका. जागा मंगल कार्यालयाची बघा. चातुर्मासात लग्नं नसतात, मालक भाव कमी करतो. नेम १० मीटरवरून, मागे उभं राहायला-बसायला जागा धरून हॉल १५ मीटर तरी लांब हवा. टार्गेटच्या बाजूला दार नको. असलंच तर आतून कुलूप लावून किल्ली रेंज ऑफिसरच्या, म्हणजे नेमबाजीवर लक्ष ठेवणाऱ्याच्या, खिशात.

आता कार्डं, म्हणजे नेम धरायचे छापील कागद. ओपन साइटला पिस्तुलाचं कार्ड द्या. त्याचा दहाचा गोल ११.५ मिमीचा असतो. रायफलच्या कार्डावर तो जेमतेम अर्ध्या मिमीचा ठिपका, नवीन पोरगं रडकुंडीला येतं. एका कार्डावर पाचच शॉट, त्याहून जास्त मारले तर भोकं एकात एक मिसळतात. वीस शॉटची मॅच म्हणजे माणशी चार कार्डं. साठ जण आले की दोनशे चाळीस कार्डं, सगळी सारखी दिसणारी. म्हणून प्रत्येक कार्डाच्या मागे, स्पर्धेच्या आदल्या रात्री, बॉलपेनने नंबर टाका: डिटेल, लेन (उभं राहायची जागा), स्पर्धक, कितवं कार्ड. ३-५-२२-१ असं. स्केचपेन नको, दमट हवेत फुटतं. नंबर एकाच माणसाने टाकायचे, दुसऱ्याने तपासायचे.

आम्ही गेल्या वेळी म्हणालो, कार्ड उतरवताना लिहू. तिसऱ्या डिटेलला लाइट गेली. अंधारात पोरांनी सगळी कार्डं उतरवून एका खुर्चीवर रचली. त्यात एका कार्डावर दहाच्या गोलात तीन भोकं, मिळून एकच छिद्र झालेलं, आणि ते माझंच म्हणणारे चौघे. चौघांचे बाप पण आलेले. संध्याकाळपर्यंत भांडण चाललं, पहिलं बक्षीस शेवटी दिलंच नाही. तेव्हा आधी नंबर. लाइटचं नंतर बघा, पण इन्व्हर्टर सांगून ठेवा.

सरावाचं कार्ड वेगळं, त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात काळी तिरपी रेघ मारा. त्याला नंबर नसला तरी चालेल. बाकी सगळ्यांना पाहिजे.

मागे छर्रे अडवायला लोखंडी पत्र्याची पेटी, आतला पत्रा खाली तिरपा, म्हणजे छर्रा तळाशी पडतो. सरळ उभा पत्रा लावलात तर छर्रा उलटा येतो. चष्मा सगळ्यांना, पंचांनाही. डिटेल चालू असताना छताचे पंखे बंद. वाऱ्याने कार्ड हलतं आणि मग पोरगं रायफलला दोष देतं.

रायफली मागून आणलेल्या असतात, म्हणून दोन गोष्टी पोरांना उभं करून सांगा. छर्रा न भरता ट्रिगर ओढायचा नाही, आतलं सील जातं. आणि नळी मोडून उघडी असताना ट्रिगरला बोट लावायचंच नाही. नळी स्प्रिंगच्या जोराने वर येते, बोट सापडलं तर तुटतं. हे गमतीत घेणाऱ्याला बाहेर काढा, तो सरपंचाचा पुतण्या असला तरी. 'लोड', 'फायर', 'सीझ फायर' या ऑर्डरी एकाच आवाजात. सीझ फायरनंतर रायफल खाली, नळी उघडी, मगच कुणी कार्डाकडे जाईल. आणि कार्ड उतरवण्याआधी मागचा नंबर वाचून घ्या. नसेल तर ते उतरवू नका, जागेवरच लिहा.

भोक रेषेला शिवलं की वरचा आकडा धरायचा. वाद आला तर गेज, म्हणजे भोकात घालून बघायचं माप, लावा. गुण दोघांनी मोजायचे, सह्या दोघांच्या. बरोबरी झाली तर पाच शॉट जास्तीचे, त्या कार्डांनाही नंबर.

एंट्री फी शंभराच्या आत. वडापाव, चहा, पाणी, शाल-नारळ हे कुणीतरी बघतंच. शिशाला हात लागलेला असतो, साबण ठेवा, हात धुतल्याशिवाय वडा नाही. पाहुण्यांची भाषणं बक्षिसांच्या आधी, नंतर कोण थांबतंय. कार्डं लगेच फेकू नका, आठवडाभर आक्षेप येतात. पेटीतलं शिसं भंगारात द्या, हॉल झाडा, अनामत परत घ्या.