वैद्यकीय कचरा: वर्गीकरण आणि सुरक्षित विल्हेवाट

वैद्यकीय कचऱ्याचे वर्गीकरण जिथे तो तयार होतो तिथेच, त्याच क्षणी आणि वस्तू वापरणाऱ्याच्याच हाताने झाले पाहिजे. आरोग्यसेवेतील सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्या कचऱ्याइतकाच निरुपद्रवी असतो. मात्र रक्ताने भिजलेला एक बोळा कागदांच्या टोपलीत पडला, की ती अख्खी टोपली संसर्गजन्य मानावी लागते. एकदा मिसळलेला कचरा पुन्हा निवडायला कोणालाही सांगू नये.

सर्वाधिक काळजी सुयांची घ्यावी. इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण पुन्हा लावू नये, ती वाकवू नये आणि हाताने सिरिंजपासून वेगळी करू नये, कारण टोपण धरलेल्या बोटांच्या दिशेनेच सुईचे टोक येत असते आणि हात किंचित हलला तरी ते बोटात शिरते. सुया व पाती टाकण्याचा जाड, न भोसकला जाणारा, झाकणाचा डबा हात पुरेल इतक्या जवळ ठेवावा. तो तीन-चतुर्थांश भरताच कायमचा बंद करावा. जागा व्हावी म्हणून डबा हलवणे किंवा वरच्या सुया दाबणे हा जीवघेणा उतावीळपणा आहे. सुकलेल्या रक्तातही हेपटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू किमान सात दिवस टिकतो.

रक्त लागलेले ड्रेसिंग, कापूस आणि हातमोजे संसर्गजन्य कचऱ्याच्या पिशवीत टाकावेत. पिशव्यांचे रंग देशागणिक बदलतात, म्हणून आपल्याकडील नियमांचा तक्ता डब्यांच्या वरच भिंतीवर लावावा. मुदत संपलेली औषधे वेगळी ठेवावीत, ती बेसिनमध्ये ओतू नयेत. कर्करोगावरील औषधांचा कचरा तर स्वतंत्र डब्यातच हवा. पिशवी उचलणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून तिच्यावर विभाग आणि तारीख न चुकता लिहावी. तोंड बांधलेली पिशवी तिच्या गाठीजवळ धरून, अंगापासून दूर ठेवून न्यावी.

ऑटोक्लेव्ह या निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात साधारणपणे १२१ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेने जंतू मरतात, पण वाफ आतपर्यंत पोहोचली तरच. त्यामुळे पिशव्या ठासून भरू नयेत. ब्लीच वापरलेला कचरा त्यात घालू नये, कारण तापल्यावर त्यातून घातक वायू निघतो. उघड्यावर जाळणे तर पूर्णपणे टाळावे: पीव्हीसी प्लास्टिकच्या नळ्या जळताना डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात.

एवढे करूनही सुई टोचलीच, तर जखम दाबून रक्त काढू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने ती धुवावी, लगेच वरिष्ठांना कळवावे आणि डॉक्टरांना भेटावे; एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.