मूठ सोडायला शिका : खडक चढताना हात भरून येऊ नयेत म्हणून

खडक चढायला शिकायचे असेल तर आधी एक म्हैस दोहून पाहा, असे मी अकरावीच्या वर्गात सांगतो. पोरं हसतात. मी मात्र अनुभवाचे बोलतो. परतवाड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचे गाव. लहानपणी एकदा काकाजींनी चरवी हातात देऊन मला म्हशीखाली बसवले. दोन मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत हाताचे लाकूड झाले, बोटे अर्धवट वळलेली तशीच राहिली. सत्तरीचे काकाजी बाजूला उभे राहून हसत होते. "काहून गा बाबू, हात भरला का? सड दाबूनच बसशीन तं धार कशी येईन? दाबलं का सोडत जाय ना!"

बऱ्याच वर्षांनी एका शिबिरात चाळीसेक फुटांच्या कड्यावर, बरोबर मध्यावर, माझे हात तसेच भरले. बोटे आपोआप उघडली, दोराने झेलले म्हणून वाचलो. खाली उतरल्यावर हेल्मेटचे बक्कल उघडेना, ते दुसऱ्याने काढून दिले. प्रशिक्षक म्हणाले, "ताकद वाढवा." त्या दिवशी मला काकाजींचे निदान जास्त पटले. हात भरतो तो बहुतेक वेळा मूठ सुटत नाही म्हणून.

आधी हाताच्या आत काय चालते ते पाहू

डावा पंजा उजव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध ठेवा आणि उजव्या हाताची बोटे हलवा. हालचाल पंजाखाली जाणवेल. बोटांत स्नायू नसतातच; बोटे वळवणारे मुख्य स्नायू इथे असतात आणि तिथून कंडरा दोरीसारख्या बोटांपर्यंत जातात. सगळे वजन बोटांवर आले की ओझे या मनगटाएवढ्या स्नायूंवर पडते. मांडीच्या मानाने ते किती लहान आहेत बघा.

स्नायूला काम करायला एटीपी लागते, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. साठवलेले एटीपी दोन-तीन सेकंदांत संपते. मग क्रिएटिन फॉस्फेट ते भरून काढते, पण जोर पूर्ण लावला तर तेही दहाएक सेकंदच पुरते. त्यानंतर ग्लुकोज मोडायचे दोन रस्ते. ऑक्सिजन मिळत असेल तर ऑक्सिश्वसन : एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी (जुन्या पुस्तकांत ३८ लिहिलेले असे, आता ३० ते ३२ मानतात). ऑक्सिजन पुरत नसेल तर विनॉक्सिश्वसन : एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी, पण झटपट.

धावणाऱ्या माणसाचा स्नायू आवळतो आणि सैल होतो, प्रत्येक वेळी रक्त आत-बाहेर होते. खडकावर घट्ट धरलेला हात आवळलेलाच राहतो. आपल्या पूर्ण ताकदीच्या निम्म्याहून जास्त जोराने धरले की फुगलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो. छातीत दम भरपूर असतो, हृदय रक्त ढकलत असते, पण पाटाचे दार बंद आणि वाफा कोरडा, तसे होते. म्हणूनच रोज पाच किलोमीटर धावणाऱ्याचेही हात कड्यावर तीन मिनिटांत भरतात.

ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज मोडले की लॅक्टिक आम्ल साचते आणि त्यानेच हात भरतो, असे बरेच जण म्हणतात. पण दोष एकट्या त्या आम्लाला देऊ नका. या आम्लाचा शोध कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाला १७८० साली आंबलेल्या दुधात लागला. आपल्या दह्याला आंबटपणा त्यानेच येतो. स्नायूत जे साचते ते लॅक्टेट. त्यातले बरेचसे हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून जाळतात आणि उरलेल्यातून यकृत पुन्हा ग्लुकोज बनवते. हे चक्र उलगडणारे कार्ल आणि गर्टी कोरी हे दांपत्य १९४७ च्या नोबेलचे मानकरी. हाताची ताकद खरी जाते ती फॉस्फेट आणि हायड्रोजन आयन साचल्याने, पोटॅशियम पेशीबाहेर गळल्याने आणि स्नायूला आवळायला लावणारे कॅल्शियम नीट न सुटल्याने. यातले बरेचसे रक्त फिरू लागले की काही मिनिटांत निवळते. पुढचे सगळे उपाय त्या काही मिनिटांवर उभे आहेत.

पहिली पायरी : हात जागा करा

थंड हाताने थेट अवघड जागी भिडलात तर पहिल्याच चढाईत हात फुगतो आणि मग दिवसभर नीट उतरत नाही. रक्तवाहिन्या उघडायला वेळ लागतो. म्हणून खडकापर्यंत चालत जा, मग दहा-पंधरा मिनिटे जमिनीलगत सोप्या धोंड्यांवर आडवे सरका, मध्ये मुठी वळा-उघडा. हिवाळ्यात सकाळी सातला चिखलदऱ्याच्या बाजूचा दगड बर्फासारखा लागतो. तेव्हा हे आणखी पाच मिनिटे वाढवा.

दुसरी पायरी : लटकू नका, उभे राहा

नवशिक्या माणूस छाती दगडाला चिकटवून, कोपरे वाकवून, वर बघत हातांनी स्वतःला ओढतो. खाली पाय कुठे आहेत हे त्याला ठाऊक नसते. उलट करा. आधी पाय कुठे ठेवायचा ते बघा, बुटाचे टोक अचूक टेकवा, मांडीने वर ढकला आणि हात फक्त तोल सांभाळायला वापरा. हात शक्य तितके सरळ ठेवा. आंब्याच्या फांदीला आधी कोपरे वाकवून, मग सरळ हातांनी लोंबकळून पाहा. सरळ हातात वजन बरेचसे हाडे आणि अस्थिबंध पेलतात, दंडाला काम उरत नाही.

हे आपल्याकडे नवे नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, तेव्हा दोरीचा मल्लखांब अनेकांनी पाहिला असेल. ती पोरं दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून हाताचा भार उतरवतात. तीच गोष्ट इथे करायची.

तिसरी पायरी : किती जोर पुरे, ते शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरीही हीच. भीती वाटली की माणूस दुप्पट जोराने धरतो. त्यावर एक सराव आहे. जमिनीपासून फूटभर वर, पाय नीट ठेवून, एक चांगली खाच दोन्ही हातांनी धरा. आता पकड हळूहळू सैल करत जा. बोटे निसटायला लागतील तिथे थांबा आणि तिथून अगदी थोडा जोर वाढवा. तेवढाच पुरे असतो. दहा वेगवेगळ्या खाचांवर हे करा. पहिल्या दिवशी सगळे हाच प्रश्न विचारतात, "इतकं कमी?" हो, इतकं कमी. जोर निम्म्याच्या खाली आला की बंद दार थोडे उघडते आणि स्नायूला धरलेल्या अवस्थेतही रक्त मिळते.

शक्य तिथे बोटे उघडी ठेवून, तळव्यासह धरा. बोटे पूर्ण दुमडून टोकांवर वजन घेणे भक्कम वाटते, पण त्यात बोटांच्या मुळाशी कंडरा जागेवर धरणाऱ्या पट्ट्यांवर फार ताण येतो.

घामाचाही इथे संबंध आहे. ओला हात निसटतो, म्हणून आपण नकळत जास्त आवळतो. चढणारे मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावतात ती त्यासाठीच. पश्चिम विदर्भातला काळा बेसॉल्ट फेब्रुवारीनंतर दुपारी तव्यासारखा तापतो. तेव्हा पूडही हरते. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तोही सकाळ-संध्याकाळचा.

चौथी पायरी : चढता चढता विसावा घ्या

वर जाण्याआधी खालून कडा वाचा. कुठे दोन्ही पायांवर उभे राहता येईल, कुठे भिंत मागे झुकली आहे, कुठे कोपरा आहे. त्या तुमच्या विसाव्याच्या जागा. त्यांच्या मधल्या अवघड पट्ट्यात रेंगाळू नका; तिथे विचार करत उभे राहिलेला प्रत्येक सेकंद विनॉक्सिश्वसनाच्या खात्यातून जातो. चटकन पार व्हा आणि विसाव्याला पोचून मग विचार करा.

विसाव्यावर एक हात सोडा. पाच सेकंद खाली लोंबता ठेवून सैल झटका, पाच सेकंद डोक्याच्या वर धरा. खाली असताना ताजे रक्त भरते, वर धरल्यावर साचलेले रक्त गुरुत्वाने हृदयाकडे परत जाते. असे तीन-चार वेळा, मग हात बदला. पंजा पूर्ण उघडला पाहिजे, बोटे वळलेली राहिली तर विसावा झालाच नाही. काकाजी डावा-उजवा हात आळीपाळीने चालवत. एक सड दाबताना दुसरा हात सुटलेला. आठ मिनिटांची धार, पण प्रत्येक हाताला निम्मा वेळ मोकळा. कड्यावरही पुढची खाच धरायला जाताना वाटेत हाताला एक छोटा झटका द्या. अर्ध्या सेकंदाचा असला तरी तो हिशेबात येतो.

श्वास रोखू नका. अवघड हालचालीवर तोंडाने सोडा, विसाव्यावर पोटातून लांब घ्या.

पाचवी पायरी : दोन प्रयत्नांच्या मध्ये घड्याळ बघा

ऑलिम्पिकमधले चढाईचे तीन प्रकार आठवले की हे सोपे जाते. वेगाच्या शर्यतीत १५ मीटरची भिंत अव्वल पुरुष पाच सेकंदांच्या आत चढतात. ते सगळे साठवलेल्या एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेटवर. बोल्डरिंगमध्ये, म्हणजे बुटक्या भिंतीवर दोराशिवाय, छोटे, स्फोटक प्रयत्न. लीड प्रकारात, म्हणजे दोर अडकवत उंच भिंत चढण्यात, सहा मिनिटांची मर्यादा, आणि खरा हात भरतो तो तिथे.

आठ-दहा सेकंदांच्या अवघड प्रयत्नानंतर अर्ध्या मिनिटात साठा साधारण निम्मा भरतो, पूर्ण व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. पोरं मिनिटभरात पुन्हा भिडतात आणि तिसऱ्या खेपेला पहिल्याहून खालीच पडतात. लांब चढाईत हात लाकूड झाला असेल तर पंधरा-वीस मिनिटे द्या, आणि त्यात बसून राहू नका. हळू फिरा, पाणी आणा, दुसऱ्याचा दोर सांभाळायची पाळी मात्र थोडी पुढे ढकला, कारण भरलेल्या हातात दोर देणे धोक्याचे. हलक्या हालचालीत लॅक्टेट बसल्याहून लवकर उतरते.

सहावी पायरी : आठवड्याचा सराव

गावात जिम नसली तरी चालते. आठवड्यातून दोन दिवस नाल्याकाठच्या कमरेएवढ्या धोंड्यांवर दहा-पंधरा मिनिटे न थांबता सोपे सरका. हात थोडा गरम वाटावा, भरू नये. अशा सरावाने हातात केशवाहिन्या आणि तंतुकणिका (पेशीतले ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे भाग) वाढतात, म्हणजे ऑक्सिश्वसनाचा वाटा वाढतो. तिसऱ्या दिवशी जाड फांदी किंवा बार सात सेकंद धरा, तीन सेकंद सोडा. असे सहा वेळा म्हणजे एक फेरी. फेरीनंतर तीन मिनिटे थांबा. सुरुवातीला तीन फेऱ्या पुरेत, पाय जमिनीला टेकलेले असले तरी हरकत नाही. मध्ये एक दिवस पूर्ण सुटी. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरेला महिने लागतात, आणि घाई करणाऱ्याचे नुकसान याच फरकात होते.

सोळा वर्षांखालच्यांनी बोटांच्या टोकांवर लोंबकळण्याचा सराव करू नये. त्यांच्या बोटांच्या हाडांची वाढीची टोके अजून कच्ची असतात, तिथे तडा जातो.

खाण्यात काही खास लागत नाही. विनॉक्सिश्वसन फक्त ग्लुकोज आणि ग्लायकोजनवर (स्नायूत साठवलेल्या ग्लुकोजवर) चालते, चरबी तिथे कामाची नाही. त्यामुळे उपाशीपोटी चढू नका. जायच्या दोन तास आधी ज्वारीची भाकर, मध्ये केळे किंवा गूळ-शेंगदाणे, परतल्यावर वरण-भात. पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर.

चढण्याआधी हे बघाच

दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), हेल्मेट आणि खालून दोर सांभाळणारा (बिले देणारा) प्रशिक्षित माणूस यांशिवाय डोक्याच्या वर जाऊ नका. गाविलगड, नरनाळा यांसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या भिंती चढायच्या नसतात, आणि मेळघाटच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचे नसते. कड्यावर आग्या मोहोळ दिसले तर त्या दिवशी घरी जा; भरलेल्या हातांनी माशांपासून पळता येत नाही. कपारीत हात घालण्याआधी डोळे घाला, विंचू सावलीलाच बसतो. बेसॉल्टचा प्रत्येक मोठा तुकडा धरण्याआधी मुठीने ठोकून पाहा, पोकळ वाजला तर सोडा.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकले तर तो लॅक्टिक आम्लाचा दोष नाही, ते तासाभरात निघून गेलेले असते. तो ठणका स्नायूतंतूंच्या बारीक इजेचा. गड उतरून आल्यावर मांड्या चढणीपेक्षा उतरणीने जास्त धरतात, तोच प्रकार. दोन-तीन दिवसांत जातो. लघवी चहासारखी काळपट आली आणि स्नायू सुजून कडक झाले, तर वाट न बघता दवाखान्यात जा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आल्याची ती खूण असू शकते. आणि चढताना बोटाच्या मुळाशी 'टक' असा आवाज येऊन तिथे दुखले, तर त्याच क्षणी खाली उतरा, बोट थंड पाण्यात धरा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवेपर्यंत त्या हाताने बादलीसुद्धा उचलू नका.