निबंध लिहायला बसण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात पेठेपेठेत अभ्यासिका झाल्या आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथं रात्री उशिरापर्यंत बसतात, खूप वाचतात. तरी निबंधाच्या पेपरात मार्क अडतात, आणि कारण विचारलं की 'भाषा कमी पडली' असं उत्तर येतं. माझ्या मते बहुतेकदा भाषेचा दोष नसतोच. विषय वाचल्यावर दुसऱ्याच मिनिटाला पेन चालू होतं, तिथंच घात होतो. शाळेतल्या मुलांचंही हेच होतं.

विषयालाच मुद्दा समजणं

समजा विषय आला, 'पंचगंगेचा महापूर'. दहातल्या आठ वह्यांत एकच साचा असतो: पाऊस पडला, नदी फुगली, नुकसान झालं, मदत आली, उपाय करायला हवेत. यात चुकीचं काही नाही, पण लिहिणाऱ्याला स्वतःला काय म्हणायचंय ते कुठंच येत नाही. पूर हा विषय झाला. त्याच्याबद्दल तुम्ही काय सांगणार, हे आधी ठरलं पाहिजे.

ते ठरवायचं कसं? विषयाला प्रश्न विचारायचे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या पोरासोरांनाही पाठ असतं. पावसाळ्यात पाणी किती फुटांवर आलं हे घरोघरी बघितलं जातं. मग 2019 ला एवढा मोठा पूर येऊन गेल्यावर 2021 ला पुन्हा माणसं अडकली कशी? इशारा पोचला नाही, की पोचूनही घर सोडता आलं नाही? प्रयाग चिखली, आंबेवाडीकडची माणसं पाणी ओसरलं की परत त्याच घरात का जातात? जनावरं कुठं न्यायची? शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला की शहरात दूध, भाजी, पेट्रोल येणार कुठून?

एवढे प्रश्न कागदावर आले की एखादा आपल्याला पकडून ठेवतो. समजा गोठ्याचा प्रश्न पकडला. मग निबंधाचं म्हणणं एका वाक्यात मांडता येतं: 'जनावरांची सोय आधी झाली, तर माणसं वेळेवर घर सोडतील.' हे वाक्य हातात आलं की पुढचं लिखाण कुठं जाणार ते कळतं. कुणाला ते पटणार नाही, तो वाद घालेल. घालू दे, वाद घालण्यासारखं काही आहे म्हणूनच निबंध लिहायचा.

सुचतानाच खोडत बसणं

मुद्दा सुचला की लगेच 'हे बरोबर आहे का, चांगलं वाटेल का' असं मनात येतं आणि तो कागदावर उतरतच नाही. सुचणं आणि निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकाच वेळी करू नका. पहिली सात-आठ मिनिटं जे येईल ते लिहा. पहिले चार-पाच मुद्दे सगळ्यांना सुचतात तेच असतात, कारण ते गाईडमधून आणि भाषणांतून कानावर पडलेले असतात. तिथं थांबू नका. आपला असा मुद्दा बहुधा त्याच्यानंतर येतो.

आणि कच्चं काम बोलीत करा. हे मी अगदी कळकळीनं सांगतो. 'पूरग्रस्त नागरिक स्थलांतरास अनुत्सुक असतात' असं लिहिलं की विचार तिथंच संपतो. 'पानी दारात आलं तरी म्हातारी हालंना, म्हणती म्हस सोडून कुठं जाऊ' असं लिहिलंत की म्हातारी दिसते, म्हस दिसते, आणि पुढचे दोन मुद्दे आपोआप सुचतात. उत्तरपत्रिकेत प्रमाण भाषा आणायला नंतर वेळ मिळतो.

मुद्दे नुसते एकाखाली एक ठेवणं

राजर्षी शाहू महाराजांवर निबंध लिहायचा म्हटलं की 1874 चा जन्म, 1894 चा राज्याभिषेक, मग एकेक कार्य आणि 1922 चं निधन असं लिहून होतं. आराखडा आहे की नुसती यादी, हे तपासायची सोपी खूण सांगतो: दोन परिच्छेदांची अदलाबदल करून बघा. काहीच बिघडलं नाही, तर ती यादी आहे.

आता त्यांचं शिक्षणाचं कामच घेऊ. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग 1901 चं. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम 26 जुलै 1902 चा. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1917 चं. सनावळीनं गेलात तर वसतिगृह आधी, नोकरी मग आणि गावची शाळा सगळ्यात शेवटी येते. पण खेड्यातल्या एखाद्या पोराच्या बाजूनं बघा. त्याला आधी गावात शाळा लागते, मग शहरात राहायला जागा, मग शिकल्यावर नोकरी. त्याच तीन गोष्टी, पण क्रम बदलला की निबंध बदलतो. पहिल्या क्रमात राज्यकर्त्याचा विचार कसा वाढत गेला ते सांगता येतं, दुसऱ्यात एका मुलाची वाट कशी मोकळी झाली ते. कुठलाही घ्या, पण ठरवून घ्या.

मग खासबाग मैदान, राधानगरी धरण, शाहू मिल? तिन्ही मोठी कामं, आपल्याला अभिमान वाटावा अशी. पण या निबंधात त्यांना जागा नाही. माहीत असलेली चांगली गोष्ट बाहेर ठेवताना जिवावर येतं, तरी ठेवावी लागते.

सुरुवातीच्या ओळीवर अडून बसणं

पाठ केलेलं सुवचन टाकून सुरुवात करायची सवय सोडा. ते वाक्य विषयाला चिकटवायलाच अर्धा परिच्छेद जातो. मधले मुद्दे आधी ठरवा, सुरुवात शेवटी ठरवली तरी चालते.

वेळेचा हिशेब न करणं

यूपीएससीच्या निबंधाच्या पेपरला तीन तास असतात आणि हजार ते बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात. म्हणजे एकाला दीड तास. त्यातली वीस-पंचवीस मिनिटं विचाराला द्या, बिनधास्त. शाळेतल्या पेपरला पाच मिनिटं पुरतात. उलट काही जण आराखडाच इतका सजवतात की लिहायला वेळ उरत नाही. मुद्द्याला चार-पाच शब्द पुरेत.

तरीही अडलं तर

विषय अगदीच हवेतला असेल, म्हणजे 'स्वातंत्र्य आणि शिस्त' वगैरे, तर तो ओळखीच्या जागेत नेऊन ठेवा. तालमीत चला. पहाटे उठून जोर-बैठका काढणारा, वस्तादांचा शब्द खाली पडू न देणारा पैलवान कुस्तीच्या वेळी कुणाला विचारून डाव टाकत नाही. ही मोकळीक त्याला कुठून आली? इथून लिहायला सुरुवात होते.

मुद्दे भरपूर आहेत पण जुळत नसतील, तर शेजारच्या मित्राला दोन वाक्यांत निबंध तोंडी सांगा. 'आणि... म्हणजे...' करत जिथं अडखळाल, तिथं एक मुद्दा कमी आहे किंवा एक जास्त आहे. परीक्षेत हेच मनातल्या मनात करता येतं.

निम्मा निबंध झाल्यावर नवा मुद्दा सुचला, तर तो आधी कच्च्या पानावर लिहा. ठरवलेल्या वाक्याला बळ देत असेल तर पुढच्या परिच्छेदात घ्या. त्या वाक्यालाच धक्का देत असेल, तर 'याची दुसरी बाजू अशी' म्हणून शेवटाच्या आधी त्याला जागा करा आणि तिथंच त्याला उत्तर द्या.