घाटात गाडी वळायला आळस करते? फोर्क ५ मिलिमीटर वर सरकवून पाहा

नांदुरीहून सप्तशृंगी गडावर मोटरसायकलने चढताना एक वळण संपत नाही तोच उलट्या बाजूचं दुसरं समोर उभं राहतं. गाडी कशी वळते, हे तिथेच कळतं. माझी वळायची, पण हँडल ढकललं की क्षणभर विचार करून मग झुकायची. सरळ रस्त्यावर हा गुण आहे. घाटात मात्र हात भरून येतात.

यावर पैसे न लागणारा एक उपाय आहे. पुढचा फोर्क, म्हणजे आपल्या भाषेत पुढचे शॉकअप, वरच्या आणि खालच्या टीमध्ये, म्हणजे हँडलखाली दोन्ही नळ्या धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांत, आवळलेला असतो. टीचे बोल्ट सैल करून नळ्या थोड्या वर सरकवल्या की गाडीचं तोंड तेवढं खाली येतं. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो, म्हणून पुन्हा सांगतो: फोर्क वर, गाडी खाली. तोंड खाली आलं की फोर्क जरा उभा होतो आणि ट्रेल घटतो. ट्रेल म्हणजे काय? हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं त्याची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत ओढा. ती जिथे टेकेल तिथपासून टायर जिथे टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. तो जास्त असेल तर गाडी सरळ जायचा हट्ट धरते, कमी असेल तर पटकन वळते. १३५० मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) गाडीत नळ्या ५ मिमी सरकवल्या तर कोन साधारण ०.२ अंशाने बदलतो आणि ट्रेल मिलिमीटरभराने. कागदावर हे काहीच नाही, पण हाताला समजतं.

पाना उचलण्याआधी

बऱ्याच गाड्यांत दोष फोर्कच्या उंचीचा नसतोच. टायर थंड असताना हवा तपासा, कमी हवेने हँडल जड होतं. रोज हायवेने ये-जा असेल तर टायर मधोमध झिजून चपटा होतो आणि गाडी कुशीवर जायला कुरकुरते. त्यावर उपाय नवा टायर, दुसरा नाही. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. चाक धरून पुढे-मागे ओढल्यावर टकटक आली तर कोनसेट ढिला आहे. आधी ते काम करून घ्या.

मागच्या शॉकअपचं सेटिंग सगळ्यात मऊ असेल तर एक-दोन घरं कडक करून फिरून या. मागचा भाग उचलला काय आणि पुढचा बसवला काय, परिणाम एकाच दिशेचा. पाच मिनिटांत भागत असेल तर टीला हात कशाला लावायचा?

तुमच्या गाडीत जमेल का?

वरच्या टीकडे बघा. नळीचं टोक टीच्या वर डोकावत असेल आणि नळी बाजूच्या बोल्टने आवळलेली असेल तर जमेल. बऱ्याच साध्या गाड्यांत नळी वरून मोठ्या बोल्टने टीला धरलेली असते, तिथे सरकवायला वावच नाही. जुन्या बुलेटची नळी तर वर आट्यांनी बसते. नळीवर क्लिप-ऑन हँडल (प्रत्येक नळीला वेगळं आवळलेलं) असेल तर वर जागा आहे का तेही बघा. उलट्या फोर्कची (ज्यात जाड नळी वर आणि बारीक खाली असते) नळी वर निमुळती होत जाते. टीची पकड निमुळत्या भागावर येता कामा नये.

आता महत्त्वाचं माप. चाक अधांतरी लटकत असताना मडगार्ड आणि त्याच्या वरच्या पहिल्या अडथळ्यात, म्हणजे खालची टी, हॉर्न किंवा रेडिएटर जे असेल ते, किती अंतर आहे ते मोजा. त्यातून मॅन्युअलमध्ये दिलेला फोर्कचा पूर्ण ट्रॅव्हल (तो जास्तीत जास्त किती दबतो ते) वजा करा, मग तुम्ही सरकवणार ते मिलिमीटर वजा करा. किमान १० मिमी उरले पाहिजेत. नाहीतर एखाद्या मोठ्या खड्ड्यात जोरात ब्रेक लागला की चाक आदळेल.

प्रत्यक्ष काम

दोन माणसं हवीत. एलन की, टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा), जॅक, लाकडाची फळी आणि बारीक मापाची व्हर्नियर पट्टी काढून ठेवा. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असलेल्यांच्या घरी व्हर्नियर सापडतेच, नसेल तर स्टीलची पट्टी चालेल.

गाडी डबल स्टँडवर घ्या. इंजिनखाली फळी ठेवून जॅक लावा. बेंड पाइपला (इंजिनमधून निघणाऱ्या सायलेन्सरच्या नळीला) किंवा ऑइल फिल्टरला टेकवू नका. पुढचं चाक जमिनीला जेमतेम शिवलं पाहिजे, भार सगळा जॅकवर. वरच्या टीच्या पृष्ठभागापासून नळीच्या काठापर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजून लिहून घ्या. माप नळीच्या काठापर्यंतच घ्या, झाकणाच्या टोकापर्यंत नको.

क्लिप-ऑन असतील तर ते सैल करा, मग वरच्या टीचे बोल्ट, चाकाच्या एक्सलचा आवळता बोल्ट आणि सगळ्यात शेवटी खालच्या टीचे. या वेळी दुसऱ्या माणसाने जॅक सोडायचा नाही. आता जॅक अगदी केसभर खाली आणा. गाडी झुकेल तशा दोन्ही नळ्या एकदमच टीमधून वर येतील. अडली तर नळी हाताने डावी-उजवी फिरवा. टीच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर ठोकू नका, टी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तडकते.

पहिल्या खेपेला ५ मिमी, त्याहून जास्त नाही. दोन्ही बाजूंचं माप तंतोतंत सारखं हवं.

आवळताना आधी खालची टी, मग वरची. एका बाजूला दोन बोल्ट असतील तर आळीपाळीने थोडे थोडे आवळा, कारण दुसरा आवळला की पहिला सैल पडतो. टॉर्क मॅन्युअलमधलाच घ्या. ८ मिमीच्या बोल्टला तो बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ‘अजून थोडं’ म्हणून ताकद लावली की आटे जातात, नाहीतर नळी दबून शॉकअप अडकत चालतो. जॅक काढा, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाचदा दाबा आणि मगच एक्सलचा बोल्ट आवळा.

हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून केबल, ब्रेक पाइप ताणत नाहीत ना, हँडल टाकीला लागत नाही ना, हे बघा. हेडलाइटचा झोतही थोडा खाली आलेला असेल, तो नीट करा.

चाचणी

सकाळी लवकर गंगापूर धरणाच्या रस्त्याला बेताच्या वेगात एक चक्कर मारा, सगळं ठीक वाटलं तर मग घाट. पेठ रस्त्याचा सावळ घाट मला यासाठी आवडतो.

मी पहिल्यांदा घाई करून एकदम १५ मिमी सरकवले होते. घाटात गाडी नाचली, मी खूश. दुसऱ्या दिवशी विल्होळीच्या पुढे महामार्गावर ट्रकला ओलांडताना हँडल असं थरथरलं की पुढचा चहा न बोलता प्यालो. वेगात हँडल हललं किंवा वळणात गाडी आपणहून आत पडायला लागली, तर नळ्या २-३ मिमी परत खाली घ्या. हँडलवरचे हात सोडून चाचणी करणाऱ्यांना मी काय सांगणार!

मागे बायको आणि सामान असेल तर मागचा भाग बसतो आणि केलेला बदल बराचसा पुसला जातो. म्हणून ज्या भाराने नेहमी फिरता त्याच भाराने चाचणी करा. मी सध्या ६ मिमीवर आहे. पावसाळ्यात इगतपुरीकडे जाणं वाढलं की परत मूळ मापावर नेतो, ओल्या रस्त्यावर मला आळशी गाडीच बरी वाटते. शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि मूळ मापाची चिठ्ठी सीटखाली टूलकिटमध्ये ठेवून द्या.