कॅम्पची छोटी चूल धूर करते? या चुका टाळा

थंडी पडली की जळगाव-धुळ्याकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. सातपुड्याच्या पायथ्याला मुक्कामी निघालेल्यांच्या सॅकमध्ये हल्ली दुहेरी भिंतीची छोटी स्टीलची चूलही असते. नीट पेटली तर ती जवळजवळ धूरच करत नाही. तरी भगोनं काळंकुट्ट होतं, डोळे चुरचुरतात आणि खापर चुलीवर फुटतं.

धूर म्हणजे न जळता निसटलेलं जळण. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो. खालच्या छिद्रांतली हवा लाकूड पेटतं ठेवते. दोन भिंतींमधून तापत वर चढलेली हवा वरच्या छिद्रांतून आत शिरते आणि तो वायू जाळते. म्हणून सगळ्यात मोठी चूक एकच, चूल गच्च भरणं. वरची छिद्रं बुजली की धूर आलाच. मी दोन मुक्काम हेच करत होतो. तिसऱ्या वेळी शेतमालक आबा शेजारी बसले होते. म्हणाले, "कोंबू नको भो, वारं लागू दे तिला." दोन मुठी काड्या काढल्या. थोड्याच वेळात वरच्या प्रत्येक छिद्रापाशी गॅसच्या बर्नरसारखी बारीक ज्योत आत वळलेली दिसली. धूर थांबला.

दुसरी चूक ओल्या जळणाची. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजनसुद्धा पाण्याचं असू शकतं. नीट वाळल्यावर ते 15-20 टक्क्यांवर येतं. काडी कडकन मोडली तर घ्या, वाकली तर ठेवून द्या. बांधावर रचलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, कितीही वाळलेली असली तरी रात्री दव पिते. सकाळच्या चहाच्या काड्या आदल्या संध्याकाळीच आडोशाला आणा.

पऱ्हाटी भपकन पेटते आणि लगेच विझते. भरिताच्या वांग्याला तो जाळ उत्तम, खिचडीला पुरत नाही. खिचडीसाठी बोटाएवढ्या जाडीच्या बाभळीच्या ढलप्या खाली, वर पऱ्हाटीचे तुकडे, आणि काडी वरून लावा. खालून पेटवलं तर वरचं जळण नुसतं तापून धुमसतं. जाळ बसल्यावर दोन-तीन ढलप्या टाकत राहा. मूठभर एकदम टाकली की पुन्हा धूर.

भांडं चुलीच्या तोंडावर चपखल बसवू नका, जाळाला बाहेर पडायला फट हवी. जाळी राखेने बुजली असेल तर आधी झटका. प्लॅस्टिक किंवा रॉकेल अजिबात नको.

तंबूत ही चूल कधीच पेटवू नका, निखारे विझत आलेले असले तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. यावल अभयारण्यासारख्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काडी ओढू नका. शेतात असाल तर निघताना राखेवर पाणी ओता, काडीने ढवळा आणि पुन्हा ओता. शेजारी वाळलेल्या पऱ्हाटीचा ढीग असतो आणि एक ठिणगी त्याला पुरते.